टोपली, ढीग आणि अदमास

मालवणच्या किनाऱ्यावर वर्षभरात किती मासळी उतरते, या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही एका काट्यावर मिळत नाही. दांडीच्या वाळूवर रापण ओढली जाते, सर्जेकोटला यांत्रिक नौका लागतात, तळाशील, तोंडवळी, देवबागच्या छोट्या होड्या पहाटे येतात आणि ऊन चढायच्या आत रिकाम्या होतात. यातली पुष्कळ मासळी वजनावर विकलीच जात नाही. ती टोपलीवर, ढिगावर, नगावर किंवा वाट्यावर जाते. थोडी खलाशांच्या घरी कालवणाला जाते, थोडी सुकत पडते. तरीही जिल्ह्याचे आणि राज्याचे मत्स्योत्पादन दर वर्षी टनांत छापून येते. तो आकडा अदमासातून तयार झालेला असतो. अदमासालाही शिस्त असते, आणि किनाऱ्यावर वर्षानुवर्षे वही घेऊन उभ्या राहणाऱ्या माणसाला ती हळूहळू, बहुतेक वेळा चुका करूनच, कळते.

अदमासाची पहिली पायरी म्हणजे प्रश्न फोडणे. ‘वर्षाला किती मासळी?’ या प्रश्नापुढे कोणीही गप्प बसतो. पण होड्या वर्षातून साधारण किती दिवस पाण्यात जातात, एका दिवशी किती होड्या लागतात, एका होडीत किती टोपल्या असतात आणि एका टोपलीत किती किलो मावतात, ही चार उत्तरे किनाऱ्यावरच्या कोणालाही जवळपास देता येतात. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते. वादळवारा, सणवार, जाळ्यांची डागडुजी असे दिवस वजा केले तर २०० दिवस धरता येतात. रोज ४० होड्या, होडीला ३ टोपल्या, टोपलीला २५ किलो. गुणाकार केला की ६ लाख किलो, म्हणजे ६०० टन. दिवस २०० ऐवजी २१० निघाले तरी उत्तरात फारसा फरक पडत नाही. ते ६० टनांच्या घरातले आहे, ६०० च्या की ६,००० च्या, एवढे कळले तरी प्रश्न अशक्य राहत नाही.

हेच काम मोठ्या प्रमाणावर आणि शास्त्रशुद्ध रीतीने कोचीची केंद्रीय सागरी मत्स्यिकी संशोधन संस्था देशभरच्या किनाऱ्यावर करत आली आहे. सगळी बंदरे, सगळे दिवस, सगळ्या नौका मोजणे शक्य नसते. म्हणून किनाऱ्याचे विभाग पाडतात, त्यांतून काही बंदरे आणि काही दिवस चिठ्ठ्या टाकाव्यात तसे निवडतात, आणि त्या दिवशी आलेल्या नौकांपैकी काहींची मासळी बारकाईने नोंदवतात. नौका थोड्या असतील तर सगळ्या, पुष्कळ असतील तर ठरावीक अंतराने एकेक. रात्री उतरलेल्या मालाची सकाळी चौकशी करतात. मग मोजलेल्यावरून न मोजलेल्याचा हिशेब मांडतात. दिवस आणि नौका नोंद घेणाऱ्याने स्वतःच्या मर्जीने निवडायच्या नाहीत, हा या पद्धतीचा कणा आहे. निवड मर्जीवर सोडली की माणूस सोयीच्या बंदरावर, सोयीच्या वेळी, ओळखीच्या तांडेलाच्या नौकेजवळ जाऊन उभा राहतो.

कागदावर ही रीत निर्दोष दिसते. वाळूवर तिची पहिली ठेच टोपलीला लागते. नव्याने नोंदी घेणारा माणूस एक टोपली काट्यावर ठेवतो, २५ किलो भरली की तो आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहितो आणि वर्षभर त्याने गुणत राहतो. अशाच एका नोंद घेणाऱ्याला दुसऱ्या हंगामात एका वयस्क मासेविक्रेतीने सहज विचारले, “खंयची टोपली?” प्रश्न साधा होता. नौकेवरचा प्लास्टिकचा क्रेट वेगळा, किनाऱ्यावरची बांबूची टोपली वेगळी, बाजारात बसणारीची टोपली आणखी वेगळी. शिवाय एक शिगोशीग भरलेली, दुसरी काठापर्यंतच. एकीत नुसता बांगडा, दुसरीत बांगड्याखाली बर्फ. जुन्या काळी धान्य मापताना पायली सपाट की शीग लावून, हे आधी ठरवल्याशिवाय सौदा होत नसे. मासळीच्या टोपलीला तीच अट लागू होती, फक्त ती कोणी विचारली नव्हती. मग वीस टोपल्या तोलून पाहिल्या. सर्वांत हलकी १८ किलोची होती, सर्वांत जड ३४ ची.

या प्रसंगातला अवघड भाग टोपल्या तोलण्याचा नव्हता. मागच्या हंगामाचे आकडे कधीच वर गेले होते. चूक कळवायची तर आधी ती कबूल करायची, आणि त्या संकोचात आणखी एक हंगाम गेला. शेवटी दुरुस्ती कळवली तेव्हा कोणी रागावले नाही. ती वाचल्याचेही कोणी कळवले नाही. अदमास घेणाऱ्याच्या कामातला मोठा दोष इथे दिसतो: त्याचा आकडा पुढे जातो आणि खरा की खोटा हे सांगायला परत येत नाही.

परत येणारा अदमास कसा असतो हे लिलावात पाहायला मिळते. वाळूवर मासळीचा ढीग पडतो, भोवती बायका उभ्या राहतात, बोली सुरू होते आणि मिनिटभरात संपते. कोणी ढिगाला हात लावत नाही, काटा आणत नाही. ढिगात साधारण किती किलो आहेत, त्यात मोठा मासा किती, चुरा किती, आज बाजारात काय भाव निघेल, जायला रिक्षाचे किती पडतील, हे सगळे त्या मिनिटात मनातल्या मनात होऊन जाते. वही घेऊन उभ्या असलेल्या माणसाने एक महिनाभर एक खेळ केला. बोली सुरू होण्याआधी प्रत्येक ढिगाचे वजन आपल्या नजरेने लिहायचे, आणि घेणाऱ्या बाईलाही हळूच विचारून ठेवायचे. माल तोलला जाईल तेव्हा खरे वजन तिसऱ्या रकान्यात. महिन्याअखेर त्याचे आकडे कुठे दीडपट, कुठे निम्मे निघाले. बायकांचे बहुतेक आकडे खऱ्याच्या जवळपास बसले.

तिची नजर जात्याच तीक्ष्ण असते असे म्हणून हा फरक उडवून लावता येईल, पण त्याचे कारण वेगळे आहे. तिने सकाळी केलेला अदमास संध्याकाळी पदरात पैसे होऊन परत येतो. चुकला तर पदरचे जातात. अशी रोजची शाळा वीस वर्षे भरली की नजर तयार होते. चिरेबंदी घर बांधणारा गवंडी भिंतीची लांबी-उंची पाहून चिरे किती लागतील ते सांगतो. चिऱ्याची दर्शनी बाजू १४ इंच बाय ७ इंच धरली तर चौरस फुटाला दीड चिरा, हा त्याचा ठोकताळा. चिरे उरले किंवा कमी पडले तर मालक त्यालाच विचारतो, म्हणून ठोकताळा घोटून घोटून नेमका होतो. माडावर चढणारा पाडेली खालूनच पेंडीतले नारळ सांगतो आणि दहा मिनिटांनी तेच नारळ खाली मोजले जातात. या सगळ्यांना पडताळा मिळतो. कचेरीत बसून आकडा काढणाऱ्याला तो मिळत नाही, म्हणून त्याने तो स्वतःच मिळवावा लागतो. त्या महिन्यानंतर त्या वहीला कायमचे दोन रकाने पडले: डावीकडे अदमास, उजवीकडे पडताळा. डावा रकाना आधी भरायचा आणि मग त्याला खोडरबर लावायचे नाही.

शेतीच्या मोजणीतही याच जातीचा बदल झाला. पिकाची आणेवारी पूर्वापार नजरेवर ठरे. सोळा आणे म्हणजे भरपूर पीक, आठ आणे म्हणजे निम्मे. आता आण्यांच्या जागी पैसे आले आणि ५० पैशांची रेषा शेतकऱ्याच्या सवलतींसाठी महत्त्वाची ठरली. शेतसारा घेणारा नजरेने पीक जास्त पाहतो, देणारा कमी. या नजरेला पडताळा मिळवून देण्यात सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी १९११ साली जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांचा मोठा वाटा आहे. यदृच्छया निवडलेल्या शेतात ठरावीक मापाचा तुकडा आखायचा, तिथले पीक कापायचे, मळायचे आणि तोलायचे, ही पीककापणी प्रयोगांची पद्धत १९४० च्या दशकात देशात रुजवण्यासाठी त्यांनी काम केले. भाताच्या एका खाचरातला छोटा तुकडा सगळ्या गावाबद्दल बोलू शकतो, पण तो तुकडा कोणी मर्जीने निवडलेला नसेल आणि त्यातले भात खरेच तोललेले असेल, तरच.

टोपलीनंतरची दुसरी मोठी ठेच रापणीत लागली. रापण म्हणजे होडीतून अर्धवर्तुळात टाकलेले आणि किनाऱ्यावरून दोन्ही बाजूंनी माणसांनी ओढलेले लांबलचक जाळे. बहुतेक दिवशी त्यात थोडीथोडकी मासळी येते: ५० किलो, ८०, १००. कधी नुसता कचरा. पण वर्षातून एखाद-दुसऱ्या दिवशी बांगड्याचा किंवा पेडव्यांचा थवा किनाऱ्याला लागतो आणि जाळे ओढता ओढवत नाही. १५० दिवस रोज ८० किलो म्हणजे १२ टन. दोन दिवस ६ टनांचे म्हणजे तेही १२ टन. सगळा हंगाम एका पारड्यात आणि दोन दिवस दुसऱ्यात, तरी पारडी समान. निवडलेल्या पंचवीस दिवसांत असा एक दिवस सापडला तर वर्षाचा आकडा भलताच फुगतो; न सापडला तर निम्मा राहतो.

नोंद घेणाऱ्याने दोन्ही प्रकार अनुभवले. एका वर्षी मोठा दिवस नेमका निवडीत आला आणि वरून ‘पुन्हा तपासा’ असा शेरा आला. पुढच्या वर्षी मोठा दिवस आला तेव्हा तो दुसऱ्या बंदरावर होता, वहीत साधेच दिवस आले आणि कोणीही शंका घेतली नाही. दुसरा आकडा पहिल्याइतकाच चुकीचा होता, फक्त तो ओळखीचा वाटत होता. यावरचा उपाय असा निघाला की साधे दिवस नमुन्याने मोजायचे आणि मोठे दिवस वेगळे, एकेक करून विचारून नोंदवायचे. मोठा दिवस कोणी विसरत नाही. रापणकर, लिलाव पुकारणारा, बर्फाच्या लाद्या पुरवणारा आणि ट्रकवाला, चौघांनाही तो तारखेनिशी आठवतो. बर्फ आणि ट्रक तर स्वतंत्र साक्षीदारच ठरतात. रोज दोन ट्रक जाणाऱ्या बंदरातून एके दिवशी सात ट्रक गेले असतील, तर वहीतला आकडा कितीही साधा असला तरी त्या दिवशी काहीतरी घडलेले असते.

काही वेळा हातात फक्त दोन टोके असतात. ‘कमीत कमी किती?’ विचारले तर २ टन, ‘जास्तीत जास्त?’ तर ५०. अशा वेळी बेरीज करून निम्मे करण्याची सवय घातक ठरते, कारण २६ हा आकडा वरच्या टोकाच्या ओढीने आलेला असतो. दोन्ही टोकांचा गुणाकार करून त्याचे वर्गमूळ काढले तर १० टन येतात. १० हे २ च्या पाचपट आणि ५० चा पाचवा भाग, म्हणजे दोन्ही बाजूंनी सारख्याच पटीने दूर. अदमासात फरक किलोंत मोजण्यापेक्षा पटींत मोजलेला बरा, हे या हिशेबामागचे तत्त्व आहे.

किनाऱ्यावर आकडेवाला म्हणून ओळख झाली की लोक मासळीपलीकडचे प्रश्नही विचारू लागतात. पाणी आणि कचऱ्याच्या नियोजनासाठी जमलेल्या गावातल्या एका बैठकीत प्रश्न निघाला: गणपतीला जिल्ह्यात चाकरमानी येतात तरी किती? २०११ च्या जनगणनेत सिंधुदुर्गाची लोकसंख्या ८,४९,६५१ होती. घरटी चार माणसे धरली तर दोन लाख घरे. निम्म्या घरांत मुंबई-पुण्याची माणसे येतात आणि सरासरी चार येतात असे धरले की चार लाख. बैठकीला हा आकडा आवडला, कारण तो मोठा होता.

पण एकाच वाटेने आलेल्या उत्तरावर भरवसा ठेवू नये, एवढे तोवर कळलेले होते. दुसरी वाट म्हणजे रस्ता आणि रेल्वे. गर्दीचे पाच दिवस धरले. रोज २० गाड्या, गाडीला १,५०० माणसे, त्यांतली तिसरा हिस्सा सिंधुदुर्गात उतरणारी धरली तर रोज १० हजार, पाच दिवसांत ५० हजार. महामार्गावर येण्याच्या बाजूने तासाला ७०० वाहने, दिवसाचे १६ तास, एसटी आणि खासगी मोटारी मिळून वाहनाला सरासरी सहा माणसे. दिवसाला सुमारे ६७ हजार, पाच दिवसांत सव्वातीन लाखांच्या वर, आणि त्यांतला तिसरा हिस्सा म्हणजे १ लाख १० हजार. एकूण १ लाख ६० हजार. हे सगळे धरलेले आकडे होते, मोजलेले नव्हते. तरी दोन उत्तरांत अडीच पटींची दरी पडली, आणि त्या दरीनेच विचार करायला लावले.

घोटाळा ‘निम्मी घरे’ या शब्दांत सापडला. कोकणात पुष्कळ घराण्यांचा गणपती एकच, मूळ घरात बसतो. वाडीत चार भावांच्या चार चुली असल्या तरी मुंबईहून येणारा पाचवा भाऊ एकच असतो. घरामागे चार पाहुणे धरताना तोच पाहुणा चार घरांत मोजला गेला होता. उलट रस्त्याच्या हिशेबात कोल्हापूरकडून घाट उतरून येणारे आणि गोव्याकडून येणारे सुटले होते. दोन्ही बाजू दुरुस्त केल्यावर उत्तर दोन लाखांच्या आसपास आले; दीड लाखाखाली जात नाही आणि तीन लाखांवर चढत नाही, असे सांगून विषय संपला. त्या बैठकीतून वहीत आलेली नोंद अशी: दोन वाटांची उत्तरे जुळली तर बरेच, पण जुळली नाहीत तर जास्त शिकायला मिळते.

पाण्याचाही हिशेब त्याच बैठकीत झाला. जिल्ह्याच्या किनारी भागात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे तीन मीटर. १०० चौरस मीटर छपरावर तो ३०० घनमीटर, अर्थात तीन लाख लिटर पडतो. पाच माणसांच्या घराला माणशी रोज १०० लिटर, फेब्रुवारी ते मे या चार महिन्यांसाठी ६० हजार लिटर पुरतात. छपरावर गरजेच्या पाचपट पाणी पडते आणि तरी मे महिन्यात विहीर तळाला जाते. ६० हजार लिटर साठवायला पाच मीटर लांब, चार मीटर रुंद आणि तीन मीटर खोल टाकी लागते, म्हणजे घरातल्या एका खोलीएवढी जागा. अडचण पावसाची नसून त्या खोलीची आहे, हे चार ओळींच्या गणिताने समजले.

पुढची ठेच मात्र किल्ल्याने दिली, आणि ती सर्वांत सूक्ष्म होती. सिंधुदुर्ग किल्ला पाहायला आलेले पर्यटक होडीतच विचारतात, एवढा दगड आणला कसा, माणसे किती लागली असतील? किल्ल्याच्या तटाची लांबी सुमारे ३ किलोमीटर, उंची सुमारे ९ मीटर आणि जाडी साडेतीन मीटरांच्या पुढे. गुणाकार सुमारे एक लाख घनमीटर. घनमीटरला अडीच टन धरले तर अडीच लाख टन. बांधकाम २५ नोव्हेंबर १६६४ रोजी सुरू झाले आणि सुमारे तीन वर्षे चालले. पावसाळ्याचे चार महिने सोडले तर कामाचे ७०० दिवस, म्हणजे दिवसाला साडेतीनशे टनांहून अधिक. एक घनमीटर दगड फोडणे, वाहणे, चुन्यात बसवणे याला माणसाचे २० दिवस धरले तर एकूण २० लाख दिवस, भागिले ७००, म्हणजे सुमारे २,९०० माणसे. किल्ल्याच्या कथेत तीन हजार मजूर सांगतात. उत्तर इतके जुळले की होडीतल्या लोकांनी वाहवा केली.

घरी जाऊन वही उघडल्यावर शंका आली. घनमीटरला २० दिवस कुठून आले? दहा का नाही, तीस का नाही? खरे असे होते की तीन हजारांचा आकडा लहानपणापासून कानांवर होता आणि २० हा आकडा नकळत त्याला जुळेल असा निवडला गेला होता. १० धरले असते तर दीड हजार माणसे आली असती, ३० धरले असते तर सव्वाचार हजार, आणि दोन्ही तितकीच पटली असती. या हिशेबातून फार तर एवढे निघते की मजूर शंभरांत नव्हते आणि लाखांतही नव्हते, काही हजार होते. डावा रकाना उजव्याच्या आधी भरायचा हा नियम त्या दिवशी मोडला गेला होता, कारण उजवा रकाना डोक्यात आधीच भरलेला होता.

या विद्येचे जगभर नाव झाले ते एन्रिको फर्मी या भौतिकशास्त्रज्ञामुळे. शिकागोत पियानो सुरात लावणारे किती, असले प्रश्न त्यांच्या नावाने सांगितले जातात. १६ जुलै १९४५ रोजी न्यू मेक्सिकोत पहिला अणुस्फोट झाला तेव्हा ते सुमारे १६ किलोमीटर दूर उभे होते. धक्क्याची लाट येताना त्यांनी कागदाचे कपटे हातातून सोडले, ते सुमारे अडीच मीटर सरकले, आणि त्यावरून स्फोटाची ताकद दहा हजार टन टीएनटीएवढी असावी असे त्यांनी काढले. नंतरच्या मोजणीत ती याच्या दुपटीहून थोडी अधिक निघाली. कपट्यांनी काढलेल्या उत्तरात दुपटीचा फरक म्हणजे फारच जवळ. लिलावातल्या बाईप्रमाणे फर्मींच्या अदमासालाही काट्याचा पडताळा मिळाला, आणि तो अदमास त्याआधीच काढून झालेला होता.

फर्मींच्या कपट्यांना काही लपवायचे नव्हते. किनाऱ्यावर ज्यांना विचारायचे त्यांना असते. “किती गावली?” असे विचारले की तांडेल सांगतो, “काय नाय.” हे उत्तर शून्य नसते. मासळी कुठे लागली हे शेजारच्या नौकेला कळू नये म्हणून ‘काय नाय’ असते, भाव पडू नये म्हणून असते, कधी दमल्यामुळेही असते. टोपल्या उतरताना पाहिल्या तर ‘काय नाय’ म्हणजे दोन टोपल्यांपासून दहापर्यंत काहीही निघते. हाच तांडेल नुकसानभरपाईच्या अर्जात उलट्या दिशेला कलतो. देवगडच्या आंबा बागेतही तेच. दहा मीटर अंतरावर लावलेली हेक्टरी शंभर कलमे मोहोरली की बाग घेणारा व्यापारी गळ किती होईल ते सांगत राहतो आणि मालक फांद्या मोजत राहतो. दोघेही अनुभवी असतात आणि दोघांचेही आकडे हिताकडे झुकलेले असतात. गुणाकारातल्या चुका सुट्या-सुट्या असल्या तर एकमेकींना बऱ्याच अंशी खोडतात, कारण एक वर जाते तेव्हा दुसरी खाली येते. पण सगळ्या चुका एकाच हिताने एकाच बाजूला ओढल्या गेल्या तर त्या खोडल्या न जाता गुणल्या जातात. म्हणून आकड्याशेजारी तो कोणी सांगितला आणि त्याला त्यातून काय हवे होते, हे लिहून ठेवावे लागते.

या कामाची हद्द वादळांनी दाखवली. ११ नोव्हेंबर २००९ रोजी फयान आले आणि मे २०२१ मध्ये तौक्ते. अशा वादळानंतर पहिल्या दिवशी अदमास उपयोगी पडतो. एका वाडीत किती कौले उडाली, किती होड्या फुटल्या, हे पाहून तालुक्याला किती ताडपत्री आणि किती धान्य लागेल ते ठरवता येते, आणि त्यात दुपटीची चूक झाली तरी चालते, कारण उद्या आणखी माल पाठवता येतो. मात्र वादळ सगळीकडे सारखे लागत नाही. उघड्या किनाऱ्यावरची वाडी आणि डोंगराआडची वाडी एकाच मापाने मोजली तर दोन्हींवर अन्याय होतो. आणि तोच पहिल्या दिवसाचा आकडा भरपाईच्या यादीत शिरला तर घोर चूक होते. तिथे प्रत्येक होडी, प्रत्येक कलम जागेवर जाऊन मोजावे लागते.

माणसांच्या बाबतीत तर पहिल्या दिवशीही अदमास चालत नाही. फयाननंतर कोकण किनाऱ्यावर मच्छीमार बेपत्ता होते तेव्हा ‘साधारण किती?’ असा प्रश्न वरून विचारला जाई. जेटीवर जमलेल्या बायकांना ‘साधारण’ ठाऊक नव्हते. नौका कोणती, तांडेल कोण, खलाशी कोणकोण, अशी नावांची यादी त्यांच्याकडे होती. टोपल्यांचा गुणाकार करण्यात वर्षे घालवलेल्या माणसाला त्या दिवशी वहीत फक्त नावे लिहावी लागली, आणि दोन्ही रकाने कोरे राहिले.

अशा कामाचा हिशेब शेवटी वहीतच निघतो. वीसेक वर्षांच्या वह्या चाळल्या तर सुरुवातीच्या पानांवर डावा रकाना उजव्याहून दुप्पट-तिप्पट भरकटलेला दिसतो, पुढे तो दीडपटीच्या आत येतो, आणि त्यानंतर फारसा सुधारत नाही. नवी जात, नवे जाळे, नवे बंदर आले की तो पुन्हा भरकटतो आणि पुन्हा जागेवर यायला एक हंगाम घेतो. मागच्या पानांवर टोपल्यांची वजने आहेत, मोठ्या दिवसांच्या तारखा आहेत, ‘काय नाय’ पुढे उतरलेल्या टोपल्यांचे आकडे आहेत. नव्याने काम शिकायला येणाऱ्याला आधी ही पाने वाचायला देतात, आणि मग एक रिकामी टोपली आणि काटा.